गोष्ट लिहिताना चौथे शील

आपल्या घरांतून आता लिहिणारी मुले निघू लागली आहेत. बापजाद्यांनी सोसलेले ती कथेत मांडतात. अशाच एका तरुणाने मला विचारले, "कथेत न घडलेले लिहिले, तर चौथे शील मोडते काय?"

प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही. खोटे न बोलण्याचा नियम पंचशीलात आहे आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही आहे. नावे बदलली, दोन गावांचे एक केले, तर माझ्या मते शील मोडत नाही. ही गोष्ट आहे हे वाचक जाणतो. तो फसत नाही. फसवणूक निराळीच असते.

मी एक कथा लिहिली होती. धर्मांतराच्या दुसऱ्याच दिवशी वडिलांनी मेलेले ढोर ओढायला नकार दिला, पाटलापुढे ताठ उभे राहिले, अशी. आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "बाळा, तुझ्या बापानं पुढं दोन वरसं ढोरं वढली. घरात दाणा नव्हता. सोडलं तवा बलुतं बंद झालं, अन् तू भुकेनं रडायचास." बापाला मोठे करण्याच्या नादात मी त्याची भूकच पुसली होती. त्या दोन वर्षांबद्दल मी आईला कधी विचारलेही नव्हते.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त बालपणीचा प्रवास सांगितला आहे. १९०१ साली भाऊ व भाच्यांसह ते साताऱ्याहून गोरेगावला वडिलांकडे निघाले. मसूर स्टेशनवर न्यायला कोणी आले नाही. जात कळताच गाडीवाले नेईनात. अखेर दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकण्याच्या अटीवर बैलगाडी मिळाली. वाटेत प्यायला पाणी मिळेना. न्यायला कोणी का आले नाही? पत्र पोहोचले होते, पण वडिलांच्या नोकराने ते त्यांना दिलेच नव्हते. हेही बाबासाहेब लिहितात. आपल्यापैकी एखाद्या कथाकाराने हे गाळले असते. गाडीवाल्यांचा दोष हलका होईल, ही भीती. होतो काय? तसूभरही नाही.

आमच्या कथांत पाटील येतो, सावकार येतो. मांगवाड्याकडे पाहून नाक मुरडणारी आमची आजी मात्र क्वचितच येते.

ती कथा मी पुन्हा लिहिली. गावाचे नाव खोटेच ठेवले. वडील त्यात ढोर ओढतात, आणि मागून एक पोर काठी घेऊन कुत्री हाकीत चालले आहे.