शाळेत जबालेची जागा

छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात एक मुलगा आईला विचारतो, मला गुरूकडे शिकायला जायचंय, आपलं गोत्र कोणतं? आई, जबाला, काही लपवत नाही. तरुणपणी ती ठिकठिकाणी सेवाचाकरी करत फिरली, त्याच काळात हा मुलगा झाला, गोत्र तिला ठाऊक नाही. माझं नाव जबाला, तुझं सत्यकाम, तेव्हा तू स्वतःला सत्यकाम जाबाल म्हणव, असं ती सांगते. मुलगा हारिद्रुमत गौतमांकडे जातो आणि आईचं म्हणणं जसंच्या तसं त्यांच्यापुढे ठेवतो. गौतम त्याला समिधा आणायला सांगतात. शिष्य म्हणून स्वीकारल्याची ती खूण.

ही कथा सत्यकामाच्या सत्यनिष्ठेसाठी सांगितली जाते. पण ते सत्य आधी त्याच्या आईचं आहे. तिला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे तिनं पोराला सरळ सांगितलं. त्याच बळावर तो गुरूच्या दारात उभा राहिला.

याच उपनिषदात, सहाव्या अध्यायात, एक बापही भेटतो. श्वेतकेतू बाराव्या वर्षी गुरुगृही जातो आणि चोविसाव्या वर्षी सगळे वेद शिकून, चांगलाच ताठा घेऊन परततो. वडील उद्दालक आरुणी त्याला एकच प्रश्न विचारतात आणि मुलाला उत्तर येत नाही. मग घरातच शिकवणी सुरू होते. वडाचं फळ आण, फोड, आतलं बी फोड, काय दिसतं? पाण्यात मीठ टाक, सकाळी ये, आता ते मीठ काढून दाखव. हातात वस्तू देऊन, प्रश्नातून शिकवण्याची ही रीत आज पहिली-दुसरीच्या कुठल्याही चांगल्या वर्गात शोभेल.

मुलाच्या शिक्षणात पालकांचा सहभाग असा विषय निघाला, की शाळेच्या नजरेसमोर सहसा उद्दालक असतो. शिकलेला, सवड असलेला, वहीत डोकावून चूक दाखवणारा. गृहपाठ, प्रकल्प, प्रगतिपुस्तकावरची सही, शाळेच्या ग्रुपवर येणारे संदेश, हे सगळं त्याला धरूनच आखलेलं असतं. जिला अक्षर येत नाही, जिचा रोज बुडाला तर चूल अडते, ती पालकसभेत मागच्या भिंतीला टेकून बसते आणि विचारलंच तर म्हणते, आम्हाला काय कळतंय त्यातलं, गुरुजी. या वाक्यावर शाळा काय करते, हा शिक्षणपद्धतीचा प्रश्न आहेच. त्याखाली मात्र एक जुना तात्त्विक प्रश्न आहे. ज्याला माहीत नाही, त्याचा ज्ञानात वाटा असतो का?

कायद्यानं त्याचं उत्तर अर्धंच दिलं आहे. 2002च्या 86व्या घटनादुरुस्तीनं सहा ते चौदा वयाच्या पाल्याला शिक्षणाची संधी देणं हे पालकाचं मूलभूत कर्तव्य ठरवलं. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात, अशी तरतूद केली. हे मोठं पाऊल होतं. मात्र त्याच कायद्याचं कलम 24 शिक्षकाला सांगतं, की पालकांच्या नियमित सभा घ्या आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना कळवा. इथं शाळा सांगणार, पालक ऐकणार. जबालेच्या गोष्टीत प्रवाह उलटा आहे. तिथं आईचा शब्द मुलाच्या तोंडून गुरूपर्यंत जातो आणि गुरू तो ऐकून निर्णय घेतो.

असा उलटा प्रवाह महाराष्ट्रात एकदा मोठ्या निष्ठेनं वाहता झाला. भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत बालशिक्षणाचं काम केलेल्या ताराबाई मोडक 1945 साली बोर्डीत आल्या आणि त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथंच त्यांना येऊन मिळाल्या. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत, हे दिसल्यावर ताराबाईंनी पालकांना दोष दिला नाही. त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. आज देशभर रुजलेल्या अंगणवाडीचं मूळ या साध्या निर्णयात आहे. अंगणात भरलेल्या वर्गात शिकवणारी बाई पाहुणी असते आणि मुलाची आई यजमान. काम करता करता तिच्या कानावर गाणी पडतात, मोजणी पडते, आणि आपल्या लेकराशी कुणी न रागावता बोलतं हेही तिला दिसतं.

1957 साली काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या सोबतीला गेलं. तिथली मुलं गुरं राखायची, धाकटी भावंडं सांभाळायची. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांची सांगड घालणारी विकासवाडी आकाराला आली. भावंडाला काखेत घेऊन येणाऱ्या मुलीला दारातून परत जावं लागू नये, ही त्यामागची कळकळ. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली, गुरं चरतात तिथंच भरणारी. माँटेसोरीच्या महागड्या साधनांच्या जागी बिया, खडे, पानं, शिंपले आले. आईबापांना ज्या वस्तूंची नावं, उपयोग आणि ऋतू पाठ होते, त्याच वस्तू अभ्यासाच्या झाल्या. अक्षरशत्रू म्हणून बाजूला बसवलेली माणसं इथं आपोआप जाणकार ठरत होती.

आणि इथं सत्यकाम पुन्हा आठवतो. गौतमांनी त्याला पहिला धडा दिला तो चारशे रोडक्या गाई राखायचा. त्यांच्या हजार होईपर्यंत परतणार नाही, असं म्हणून तो रानात गेला. तिथं बैलानं, अग्नीनं, हंसानं आणि एका पाणपक्ष्यानं त्याला ब्रह्मज्ञानाचा एकेक पाद सांगितला. तो परतला तेव्हा चेहऱ्यावरचं तेज पाहून गुरूंनी विचारलं, तुला कुणी शिकवलं? माणसांनी नव्हे, असं त्यानं सांगितलं, पण लगेच पुढं म्हणाला, आता तुम्ही शिकवावं अशी माझी इच्छा आहे.

हे पुढचं मागणं फार महत्त्वाचं आहे. घरचं, रानातलं ज्ञान थोर म्हणून वाचायला-लिहायला शिकवण्याची जबाबदारी शाळेनं अंगाबाहेर टाकली, तर तो गरिबांशी दगा होईल. जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. अक्षराविना शेतकरी कसा नाडला जातो हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. अडाणी आईला स्वतःच्या अनुभवाचं नुसतं कौतुक नको असतं, पोराला वाचता यायला हवं असतं. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात 2016च्या महिला दिनी शिक्षक योगेंद्र बांगर यांनी आजीबाईंची शाळा सुरू केली, तेव्हा साठी-सत्तरी ओलांडलेल्या बायका गुलाबी साड्या नेसून पाटी घेऊन बसल्या. अक्षराची ओढ त्या वयातही शाबूत होती.

सत्यकामाला स्वीकारताना गौतमांनी दिलेल्या उत्तरालाही एक मर्यादा आहे, तीही सांगायला हवी. इतकं खरं ब्राह्मणाखेरीज कोण बोलेल, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. मुलाला आत घेतलं, पण वर्णाचं लेबल लावून. त्या काळी ते धाडस असेल, आज ते पुरेसं नाही. 1855 साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे हिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेल्या निबंधात, आमचा धर्म कोणता, असा प्रश्न जाहीरपणे विचारला होता. आपल्या माणसांनी सोसलेलं ती शाळेत घेऊन आली, आणि ते बोलून दाखवता यावं इतकी जागा त्या वर्गात होती.

आजच्या जिल्हा परिषद शाळांतही अशा जागा तयार होत आहेत. पहिलीच्या तोंडावर भरणाऱ्या ‘पहिले पाऊल’च्या शाळापूर्व तयारी मेळाव्यात आया मुलांसोबत टेबलाटेबलावरून फिरतात, मुलाला काय जमतं ते पाहतात आणि मग वस्तीतल्या माता गटात तयारी करून घेतात. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत राज्यानं आईचं नाव सक्तीचं केलं आहे. कागदावर तरी जबालेचं नाव आलं.

कागदापुढचं काम मात्र वर्गशिक्षकाच्या हातात आहे. बीडमधल्या वस्तीवर दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्यासोबत, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीसोबत, लेकरंही निघतात. निघण्याआधीच्या पालकसभेत हजेरी घसरल्याचं ऐकवण्याऐवजी बाईंनी विचारावं, फडावर पोर दिवसभर काय करतं, मोळ्या कशा मोजता, उचलीचा हिशेब कोण ठेवतं, मुलाला कशाची भीती वाटते? आईनं सांगितलेलं वहीत लिहून घ्यावं आणि मूल परतल्यावर गणिताचा पहिला तास त्या मोळ्यांपासून सुरू करावा.