खड्ड्याच्या किती आधी?

चुन्याने रंगवलेले चार दगड, झाडाची तोडलेली फांदी, डांबराचे रिकामे पिंप. पुढे एक मार्गिका बंद आहे, हे सांगायला आपल्याकडे बहुधा एवढे पुरते. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण 2011 पासून रेंगाळले. गणपतीला त्या वाटेने कोकणात जाणाऱ्यांना हे सारे सामान ओळखीचे आहे.

फांदी ठेवणारा माणूस वाईट नसतो. त्याला खड्डा दिसतो, म्हणून तो खड्ड्यालगतच फांदी रोवतो. पण ताशी 80 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला 22 मीटर पुढे सरकते. फांदी ओळखायची, आरशात मागचा ट्रक बघायचा, मग शेजारच्या मार्गिकेत शिरायचे. यात 100 मीटर सहज जातात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत म्हणूनच कामाच्या जागेआधीच्या पट्ट्याचा वेगळा विचार आहे: आधी सूचना, मग तिरप्या रांगेतल्या शंकूंनी गाडी हळूहळू वळवणे.

फलकावरच्या चमकत्या पट्टीत काचेचे बारीक मणी किंवा सूक्ष्म लोलक असतात. हेडलाइटचा उजेड ते आल्या वाटेने परत पाठवतात. दिवसा साधा वाटणारा फलक रात्री ड्रायव्हरपुढे लखलखतो. त्याच कडेने बॅटरीशिवाय घरी निघालेल्या शेतमजुराला मात्र तो अंधारात दिसत नाही. त्याच्यासाठी लाल दिवा टांगावा लागतो, कठडा उभारावा लागतो. आणि पट्टीवर चिखल चढला की ड्रायव्हरलाही काही दिसत नाही. पण पाहणी दिवसाउजेडी होते, सहीसुद्धा.

2019 साली मोटार वाहन कायद्यात 198अ कलम आले. रस्त्याच्या कामात मानके न पाळल्याने कोणी दगावले किंवा अपंग झाले, तर जबाबदार यंत्रणेला वा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड. म्हणजे आधी माणूस जायला हवा.

मला न लावलेल्या फलकाइतकाच न काढलेला फलक खुपतो. काम संपले तरी ‘काम चालू’ उभेच. दहा ठिकाणी वेग कमी करून पुढे मोकळा रस्ता सापडला, की अकराव्या ठिकाणी ड्रायव्हर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलत नाही. तिथे माणसे खरोखर डांबर पसरत असतात. संध्याकाळी फलक उचलून टेम्पोत टाकायचे काम दोघांचे, फार तर अर्ध्या तासाचे. तो अर्धा तास कोणाच्या हजेरीत धरायचा, एवढेच ठरलेले नसते.