सुधाकराचा दोष आणि त्याची जाणीव

राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग त्यांच्या निधनानंतर, १९१९ साली, गंधर्व नाटक मंडळीने केला, आणि पुढे ते दारूबंदीचे नाटक म्हणून इतके गाजले की त्याचा नायक सुधाकर हा दारूचा बळी तेवढा उरला. परंतु निव्वळ बळी ठरलेला माणूस शोकात्म नायक होत नाही, कारण अशा नायकाचा नाश काही अंशी त्याच्याच हातून घडावा लागतो. अ‍ॅरिस्टॉटल ज्याला ‘हॅमर्शिया’ म्हणतो तो दुष्टपणा नव्हे, तर मोठ्या माणसाच्या हातून होणारा प्रमाद होय.

हा प्रमाद कोणता, याचे उत्तर नाटकाच्या नावात आयते मिळते, आणि कायद्याचा तर्कही त्याच दिशेने जातो. नशेत केलेल्या अपराधाला दुप्पट शिक्षा सांगणाऱ्या कायद्यांचे समर्थन करताना अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की न पिणे हे त्या माणसाच्या हाती होते; २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८६० च्या भारतीय दंड संहितेची कलमे ८५ आणि ८६ हीदेखील, ज्याला इच्छेविरुद्ध किंवा नकळत मद्य पाजले गेले त्यालाच सूट देत, आपण होऊन पिणाऱ्याला देत नसत. सुधाकर स्वतः वकील आहे, तेव्हा ही कलमे त्याला शिकवण्याची गरज नव्हती.

तरीही पहिला प्याला हा आरंभ नव्हे. न्यायालयात अपमान होतो, वकिलीची सनद काही काळ हातची जाते, आणि ती सल विसरण्यासाठी मद्यपी तळीरामाने पुढे केलेला प्याला तो घेतो. म्हणजे दारूच्या आधी अभिमान आहे, आणि तळीराम निमित्तमात्र आहे. पुढे सुधाकर दारू सोडतो, कामाच्या शोधात निघतो, अवहेलना पदरी येताच पुन्हा पितो, तेव्हा तोच अभिमान दुसऱ्यांदा दुखावलेला असतो. नाटकाचा खरा गाभा या प्रसंगात आहे, कारण येथे नशेची सबब चालत नाही: निर्णय शुद्धीतला आहे.

सुधाकराची बुद्धी मात्र अखेरपर्यंत शाबूत राहते, आणि ऱ्हास होतो तो निश्चयाचा, हे वेगळेपण ध्यानात घेण्याजोगे आहे. हॅम्लेट द्वंद्वाआधी लेअर्टीसची क्षमा मागताना अपराध आपल्या वेडाच्या माथी मारतो; सुधाकर असे काही करीत नाही, उलट मद्यपीच्या अधोगतीचे विवेचन मित्र रामलालपुढे वकिली सफाईने करतो आणि आपण त्यातून सुटणार नाही असा निकालही देऊन टाकतो. हा कबुलीजबाब प्रांजळ आहे, पण सोयीचाही आहे, कारण सुटका अशक्य ठरली की प्रयत्नाची जबाबदारीही संपते. आत्मज्ञान माणसाला सावरते या समजुतीला इतका कठोर छेद मराठी रंगभूमीवर क्वचितच दिला गेला असेल.

शेवटी नशेत त्याच्या हातून मूल मरते, पत्नी सिंधूवर प्राणघातक प्रहार होतो, आणि ती पोलिसांसमोर खोटे सांगून त्याला वाचवते. कायद्याचा हात असा आखडल्यावर सुधाकर स्वतःच फिर्यादी आणि न्यायाधीश होऊन विष मिसळलेली दारू पितो. प्रेक्षकाला त्यात प्रायश्चित्त दिसते, आणि गडकऱ्यांनाही बहुधा तेच अभिप्रेत असावे. मात्र हा प्यालाही त्याने अपमान सोसवत नाही म्हणूनच उचलला नाही, असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाटकात सापडत नाही.