आतली कडी

दाराला दोन बाजू असतात हे आपण सगळेच जाणतो. परंतु आपले सारे लक्ष एकाच बाजूकडे असते. दिवाळीत तोरण बांधतो ते बाहेरच्या बाजूला, रांगोळी घालतो ती उंबऱ्याबाहेर, नावाची पाटी ठोकतो तीही बाहेर. कुलूप विकत घेताना ते किती लिव्हरचे आहे याची आपण कसून चौकशी करतो. घरात कोणी शिरू नये याची काळजी आपल्याला फार. आतला माणूस बाहेर कसा पडेल, हा प्रश्न मात्र सहसा मनात येत नाही. तो सुटलेलाच आहे असे आपण धरून चालतो. माझ्या मनात तो आला याला निमित्त झाले एका जुन्या पिकअप गाडीचे. दिवाळी अंकाच्या वाचकांपुढे गाडीच्या दाराची कथा मांडावी का, असा थोडा संकोच वाटतो. पण तत्त्वचर्चेला रथ चालतो, तर पिकअप का चालू नये? नागसेनाने मिलिंद राजाला रथ म्हणजे नेमके काय, हेच तर विचारले होते. आस म्हणजे रथ की चाके म्हणजे रथ? माझा प्रश्न त्याहून पुष्कळ लहान आहे. मला रथाच्या एका सुट्या भागाबद्दलच बोलायचे आहे.

माझे एक स्नेही सोलापुरात टॉवेलचा छोटा कारखाना चालवतात. त्यांच्याकडे वीसएक वर्षांची एक पिकअप आहे. कारखान्यातून टॉवेलचे गठ्ठे ट्रान्सपोर्टच्या गोदामापर्यंत पोचवायचे आणि येताना सुताच्या गोण्या आणायच्या, एवढेच तिचे काम. या गाडीच्या दोन्ही दारांची आतली हँडले तुटून गेली होती. ड्रायव्हर काच खाली करी, हात बाहेर काढी आणि बाहेरच्या हँडलने दार उघडी. शेजारी बसणाऱ्या क्लीनरच्या बाजूला काच फिरवण्याचे हँडलही नुसतेच गरगर फिरे, त्यामुळे तिकडची काच कायमची अर्ध्यावर अडकलेली. तेव्हा ड्रायव्हर आपल्या बाजूने उतरे, गाडीला वळसा घालून जाई आणि त्या पोराचे दार बाहेरून उघडी. असे कित्येक महिने चालले होते. मी एकदा विषय काढला, तर स्नेही म्हणाले, "चालतंय की! कुणाचं काय अडलंय?"

खरोखरच कोणाचे काही अडले नव्हते, आणि मला विचारात पाडले ते याच गोष्टीने.

पुढे ड्रायव्हरच्या बाजूचे बाहेरचे हँडलही कुरकुरू लागले, तेव्हा गाडी मिस्त्रीकडे गेली. मीही बरोबर होतो. दाराचे पोट उघडलेले मी प्रथमच पाहिले. काचेच्या हँडलामागे एक स्प्रिंगची बारीक क्लिप असते. तिच्या फटीत फडके घालून मिस्त्रीने ते पुढे-मागे ओढले, तशी ती टणकन उडाली. मग आतला पत्रा सुटला. त्यामागे एक लांब सळई. तिचे एक टोक हँडलला आणि दुसरे दाराच्या कडेच्या खटक्याला. आपण हँडल ओढतो, सळई खटका सोडवते, दार उघडते. इतका साधा कारभार. हँडल मोडले होते ते नेमके खिळीपाशी, जिथे सारा जोर येतो तिथे.

"पोरं जोरात ओढतात, म्हणून तुटतं," स्नेही म्हणाले.

"तसं न्हाई मालक," मिस्त्री म्हणाला. "खटका सुकलाय. धूळ बसलीय, ग्रीस न्हाई. खटका घट्ट झाला की माणूस जोर लावणारच. नवं हँडल बसवलं आन् खटका तसाच ठेवला, तर तेबी तुटंल."

हे ऐकून मला मोठी गंमत वाटली. जे तुटते ते दोषी असतेच असे नाही. पुष्कळदा ते फक्त सर्वांत नाजूक असते. अपराध खटक्याचा, शिक्षा हँडलला आणि ठपका ओढणाऱ्या हातावर! घरांतून आणि संस्थांतून हाच न्याय चालतो. कोणी सून एक दिवस मोठ्याने बोलते, कोणी शांत कारकून एक दिवस टेबलावर हात आपटतो, आणि आपण म्हणतो, याला ताळतंत्र उरले नाही. आतला कोणता खटका वर्षानुवर्षे गंजत होता, हे पाहायला पत्रा उघडावा लागतो, आणि तेवढी तसदी कोणी घेत नाही.

खरा पेच यानंतर आला. स्नेही म्हणाले, "सध्या ड्रायव्हरच्या बाजूचं बसवा. दुसरं मागनं बघू." मिस्त्री पान्हा पुसत म्हणाला, "एकच बसवायचं असलं तर डावीकडचं बसवतो. ड्रायव्हर काच खाली करून हात बाहेर काढतोय. त्या पोराला काचबी न्हाई." स्नेही हसले, आणि दोन्ही हँडले आणायला माणूस गेला. खर्च दोन माणसांच्या हॉटेलातल्या जेवणाइतकाही आला नाही.

स्नेही माणूस मुळीच दुष्ट नाहीत. त्यांची बाजूही मांडली पाहिजे. सोलापूर हे काटकसरीने तगलेले गाव आहे. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीचे वैभव सांगणारे लोक येथे होते. मग मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि गाव उभे राहिले ते लहानसहान यंत्रमागांवर. मोडलेले टाकू नये, सांधावे. सांधता येत नसेल तर तसेच वापरावे, ही शिकवण येथे हाडीमाशी रुजली आहे. मला तिचा आदरच वाटतो. गाडीचा रंग उडाला, उडू द्या. आसनाचा स्पंज बाहेर आला, वर सोलापुरी चादर टाका. मग आतल्या हँडलनेच असे काय पाप केले, की तेवढ्यापुरती काटकसर अधर्म ठरावी?

फरक असा की, उडालेला रंग आणि फाटलेले आसन ही गैरसोय आहे. आतून न उघडणारे दार ही पराधीनता आहे. गैरसोय माणूस सोसतो. पराधीनतेत तो दुसऱ्याच्या मर्जीवर बसून राहतो. त्या मर्जीचा दुरुपयोग कधीच झाला नाही, असे येथे कोणी म्हणेल. ड्रायव्हर भला होता, दर खेपेस न चुकता वळसा घालून येत होता. मान्य. पण दयाळू धन्याच्या गुलामाला कधी फटका बसत नाही, म्हणून त्याला आपण स्वतंत्र म्हणत नाही. फटका बसत नाही तो धन्याच्या स्वभावामुळे. आणि स्वभाव बदलला, धनी बदलला किंवा धन्याला नुसती डुलकी लागली, तरी सारे चित्र पालटते. स्वातंत्र्य किती वेळा वापरले यावरून त्याची किंमत ठरत नाही. ज्या हँडलला वर्षभर कोणी हात लावला नाही, तेही शेजारी बसलेल्या माणसाला काही सांगत असते. तू येथे बसला आहेस, ठेवलेला नाहीस, असे ते सांगत असते.

हे समजायला जगाला भारी किंमत मोजावी लागली आहे. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधील ट्रँगल नावाच्या शिवणकामाच्या कारखान्यात आग लागली आणि १४६ माणसे गेली. बहुतेक तरुण मुली. नवव्या मजल्यावरचे एका जिन्याचे दार कुलूपबंद होते. कामगारांनी माल चोरून नेऊ नये, म्हणून. त्या कुलपामागे क्रौर्य नव्हते, हिशेब होता. पुढे अमेरिकेतच टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये लपाछपी खेळणारी मुले अडकून गुदमरू लागली. जुन्या फ्रिजला बाहेरून खटक्याचे हँडल असे. आतून ढकलून ते उघडत नसे. १९५६ साली तेथे कायदा झाला, की फ्रिजचे दार आतूनही उघडले पाहिजे. आज आपल्या स्वयंपाकघरातला फ्रिज चुंबकाच्या पट्टीने मिटतो आणि आतून ढकलताच उघडतो. आपल्याकडे २०१९ सालापासून नव्या टॅक्सींना चाइल्ड लॉक ठेवण्याची मनाई झाली, कारण मुलाच्या रक्षणासाठी केलेला तो खटका एकट्या प्रवासी स्त्रीला कोंडायला वापरता येतो.

दूर कशाला जा? १८ मे २०२५ रोजी सोलापुरातच, अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या एका कारखान्याला आग लागली आणि आठ माणसे गेली. त्यांत मालक होते, त्यांच्या घरची माणसे होती आणि कामगारही होते. त्या घटनेवरून कोणाला उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. एवढेच जाणवते, की आग लागते त्या वेळी मालक आणि कामगार हा भेद उरत नाही. माणसे दोनच प्रकारची उरतात, आत असलेली आणि बाहेर असलेली. कोण कोणत्या बाजूला असेल, हे दार करताना कोणालाच माहीत नसते.

मग कोणतेच दार बाहेरून बंद असू नये का? असे मी म्हणणार नाही. खाचखळग्यांच्या रस्त्यावर खटका घट्ट धरून बसला नाही, तर आतला माणूस रस्त्यावर फेकला जाईल. दार धरून ठेवणे हाही त्याचा धर्मच आहे. चार वर्षांच्या पोराला चालत्या गाडीचे दार उघडू न देणे यात जुलूम नाही. पण असे दार बाहेरून लावणाऱ्याने स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. आतला माणूस शहाणा झाला, तर या कडीबद्दल तो माझे आभार मानील का? आणि हे दार उघडण्याचा दिवस मी ठरवला आहे का? पोर मोठे होते आणि चाइल्ड लॉक निघते, म्हणून ते रक्षण ठरते. ज्या कडीला निघण्याचा दिवसच नेमलेला नाही, तिला काळजी हे नाव देताना जपावे. आपल्या घरांतून ‘तिच्या भल्यासाठी’ लावलेल्या कड्या पुष्कळ निघतील. वृद्ध आईला मुलगा सांगतो, ‘तू एकटी खाली जाऊ नकोस, मी नेतो.’ तो खरोखरच नेतोही. पण देवळात जावे असे तिला मंगळवारी वाटते, आणि मुलाला सवड असते रविवारी.

या सगळ्यात मला मोठे वाटते ते मिस्त्रीचे शहाणपण. दोनांतले एकच बसवायचे असेल, तर ज्याला दुसरा मार्ग नाही त्याचे आधी, हे त्याने पान्हा पुसता पुसता सांगितले. नीतिशास्त्राच्या जाड ग्रंथांतून याहून फार निराळे काही निघते असे नाही. आपण मात्र उलट करतो. ज्याला खिडकी आहे त्याच्या दाराची तक्रार आधी ऐकू येते, कारण त्या खिडकीतून आवाजही बाहेर पडतो. ज्याची काचच अडकलेली आहे तो गप्प असतो, आणि त्याच्या गप्प बसण्याला आपण समाधान समजतो. कुणाचे काही अडलेले नाही, असे वाटू लागेल तेव्हा एकदा त्या डाव्या बाजूच्या आसनावर जाऊन बसावे, दार ओढून घ्यावे आणि उतरून पाहावे.