वर्खाखालचे थर

वराळ्यात इंद्रायणीकाठी एक म्हातारा सुतार राहत होता. त्याची नात पुण्याहून चित्रकला शिकून आली, ती जपानी घडीच्या पडद्याचं, ब्योबूचं वेड घेऊनच. ओगाता कोरिननं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सोन्याच्या वर्खावर रंगवलेली निळी आयरिसची फुलं तिनं पुस्तकात पाहिली होती. सहा-सहा फळ्यांचे दोन पडदे. ना आकाश, ना पाणी, नुसतं सोनं आणि त्यावर फुलं.

ज्येष्ठात तळेगावच्या एका मंगल कार्यालयाच्या मालकानं तिला तसाच पडदा सांगितला. गणपतीत मखरामागे उभा करायचा होता. त्यानं इसारही दिला.

आबा म्हणाले, "वाळलेलं शिवणीचं लाकूड आहे घरात. आधी चौकट कर, आत पट्ट्यांची जाळी बसव. मग कागद."

"आबा, ते सगळं वर्खाखाली जाणार. दिसणार कुणाला?"

तिनं बाजारातून प्लायवूड आणलं, रंगाचा एक हात मारला आणि उरलेला सगळा पैसा वर्खात घातला. पडदा झळाळला. पण मावळातला आषाढ तो! प्लाय फुगलं, फळ्या वाकल्या आणि खिळ्याचं प्रत्येक डोकं, ब्रशचा प्रत्येक ओरखडा सोन्यातून वर आला. जपानी वर्ख मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाइतका पातळ ठोकतात. तो काय झाकणार? खाली जे असेल तेच तो उजळून दाखवतो.

आबा एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी तिच्या हातात रंधा दिला. मला या गोष्टीत त्यांचं हे गप्प राहणं फार मोलाचं वाटतं. त्या वेळी बोललेला शब्द खरा असूनही पोरीला लागला असता.

मग ती जपानी कारागिरांच्या पद्धतीनं कामाला लागली. लाकडी जाळीवर खळीनं कागदाचे थर चढवले. काही थर पूर्ण चिकटवायचे, काही फक्त कडांना, म्हणजे हवा बदलली की कागदाला आखडायला-फुगायला जागा राहते. बिजागऱ्यासुद्धा कागदाच्या, फळीच्या वरपासून खालपर्यंत, म्हणजे सांध्यावर चित्र तुटत नाही. एक थर वाळल्याशिवाय दुसरा नाही. श्रावणात वाळायला किती वेळ लागतो, ते मावळच्या माणसाला सांगायला नको.

गणपती तोंडावर आले तेव्हा पडदा नुसता पांढरा होता. मालक म्हणाले, "द्या वर्ख मारून. दिव्यांत कोण बघतंय?"

"थर अजून ओले आहेत, काका. नाही जमणार."

मालक रागावून गेले. इसार परत करायला आबांना घरचा इंद्रायणी तांदूळ विकावा लागला. वर्षभर नातीनं चौरंग आणि देवघरं केली, त्या पैशांतून नवा वर्ख आणला. पांढरा पडदा तोवर पुढचा अख्खा पावसाळा ओसरीत उभा होता. एकही फळी वाकली नाही. तेव्हाच तिनं सरस लावून त्यावर सोनं चढवलं.

गावात बोलबाला झाला, तसे मालक पाहायला आले. पडद्यावर डोळे बारीक करून त्यांनी सांधे शोधले, मग विचारलं, "मला असा एक हवा. किती दिवसांत द्याल?"

"एक पावसाळा जाऊ द्यावा लागेल."

त्यांनी घासाघीस केली नाही. इसार आबांच्या हातावर ठेवला आणि पुढच्या वर्षीची तारीख लिहून घेतली.