पैसे दिले, हात दिला नाही

‘स्मॉलटाउन बॉय’ हे घर सोडून निघालेल्या समलिंगी मुलाचं गाणं १९८४ साली ब्रिटनमध्ये आलं आणि लोकप्रियतेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. ते गाणारं ‘ब्रॉन्स्की बीट’ हे तीन तरुणांचं त्रिकूट. तिघेही समलिंगी, आणि ते उघडपणे सांगणारे. त्या काळात त्याला छाती लागायची. गायक जिमी सॉमरविल ग्लासगोचा. तोही असाच तरुणपणी घर सोडून लंडनला आला होता. गाण्यातल्या मुलाचं दुःख त्यानं ऐकून लिहिलेलं नाही.

गाण्याच्या चित्रफितीत या मुलाला एक टोळकं गाठून मारतं. पोलीस त्याला घरी आणून सोडतात आणि आईवडिलांना सगळं कळतं. मुलगा घर सोडायला निघतो. आई त्याला जवळ घेते. वडील पैसे काढून देतात, पण मुलानं पुढे केलेला हात हातात घेत नाहीत.

मला हा बाप दुष्ट वाटत नाही. पोरगं परक्या शहरात उपाशी राहू नये, एवढी माया त्याच्यात शाबूत आहे. पण त्या मायेवर भीती बसली आहे, आणि ती त्याच्या एकट्याची नाही. दोन पुरुषांचं प्रेम इंग्लंडमध्ये १९६७ पर्यंत गुन्हा होता. स्कॉटलंडमध्ये तर १९८० सालच्या कायद्यानं तो गुन्हा राहिला नाही. म्हणजे जिमीचं सगळं बालपण त्या कायद्याखाली गेलं. त्यानंतरही समलिंगी पुरुषांसाठी संमतीचं वय २१ होतं, इतरांसाठी १६. या त्रिकुटानं आपल्या पहिल्या अल्बमचं नावच ‘द एज ऑफ कन्सेंट’ ठेवलं आणि देशोदेशीची ही वयं वेष्टनावर छापली. त्या बापाचा हात कुणी धरून ठेवला होता, हे त्या आकड्यांत वाचता येतं.

आणि एवढं सगळं सोसून जिमी गातो कसा? सिंथेसायझरच्या नाचऱ्या ठेक्यावर, अतिशय उंच, कोवळ्या आवाजात. त्यात शिव्याशाप नाहीत. एकट्यानं सोसलेलं दुःख त्यानं भरल्या नृत्यगृहात आणलं, अनोळखी माणसांच्या खांद्याला खांदा लावून नाचता येईल असं केलं. मला ही फार मोठी उदारता वाटते.

१९८४ च्याच डिसेंबरमध्ये लंडनच्या कॅम्डन भागातल्या इलेक्ट्रिक बॉलरूममध्ये हे त्रिकूट गायलं. कार्यक्रम संपावरच्या खाणकामगारांच्या मदतीसाठी होता, आणि तो समलिंगी कार्यकर्त्यांनी भरवला होता. खाणींची गावं म्हणजे अशी पोरं जिथून निघून येत तसलीच लहान गावं! पुढच्या वर्षी लंडनच्या प्राइड मोर्चात वेल्सचे खाणकामगार आपले झेंडे घेऊन चालले. मजूर पक्षाच्या अधिवेशनात समलिंगींच्या हक्कांचा ठरावही १९८५ मध्येच मंजूर झाला, आणि खाणकामगार संघटनेची मतं त्या ठरावामागे उभी होती.