आधी हकिकत की आधी शेरा?

इंग्रजीतली रोजची बोलणी कान देऊन ऐकली, तर एक सवय लगेच लक्षात येते. काय घडलं ते कळायच्या आधी त्यावरचा शेरा येतो. 'आय ॲम शुअर दॅट', 'आय ॲम ग्लॅड दॅट', 'आय ॲम अफ्रेड दॅट', 'इट इज क्लिअर दॅट'. आधी विशेषण, मग 'दॅट', मग हकिकत. घरगुती बोलण्यात तो 'दॅट' बहुतेक वेळा गळून पडतो आणि विशेषणाला लागूनच पुढचं वाक्य सुरू होतं. ऐकणाऱ्याची मात्र तयारी झालेली असते. येणारी गोष्ट आनंदाची, खात्रीची की धास्तीची, हे त्याला पहिल्या दोन-तीन शब्दांतच समजलेलं असतं.

मराठवाड्यातल्या हिंगोलीकडचा माणूस उलट्या टोकानं सुरुवात करतो. 'आलास, बरं झालं.' 'पाऊस यायलाय, हे नक्की.' 'हळदीचा भाव पडतो की काय, अशी धास्ती वाटायलीय.' गोष्ट आधी आणि मत शेवटी. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी बसतं, त्यामुळे हे ओघानंच आलं, असं कुणी म्हणेल. ते खरं आहे, पण तेवढ्यावर थांबलं तर खरी गंमत हातातून निसटते.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवलं जातं. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा निघाला तो त्याच्या आदल्या वर्षी, 1 मे 1999 रोजी. म्हणजे या जिल्ह्याचं वय आणि त्याच्या शाळांतल्या पहिलीच्या इंग्रजीचं वय जवळपास सारखंच. एवढ्या काळात वर्गात एक समीकरण पक्कं बसलं आहे: 'दॅट' म्हणजे 'की'. 'आय ॲम शुअर दॅट' म्हणजे 'मला खात्री आहे की'. परीक्षेपुरतं ते चालतं. पण फळ्यावर लिहिताना एक गोष्ट गुपचूप बदलते, आणि तिकडे कुणी बोट दाखवत नाही. 'शुअर' हे विशेषण आहे, 'खात्री' हे नाम. 'अफ्रेड' विशेषण, 'भीती' नाम. 'ग्लॅड' विशेषण, 'आनंद' नाम. इंग्रजीत माणूस स्वतः खात्रीचा असतो, स्वतः भ्यालेला असतो. मराठीत खात्री माणसाला असते, भीती माणसाला वाटते, आनंद माणसाला होतो. भावना बाहेरून येते आणि माणूस चतुर्थीत उभा राहून तिला जागा देतो. 'आय हॅव शुअर' असं मूल लिहितं तेव्हा त्याची चूक निष्काळजीपणाची नसते. ते मराठीतलं नाम प्रामाणिकपणे सांभाळत असतं. त्याला तांबडी रेघ मिळते. ती का मिळाली, हे मात्र सांगितलं जात नाही.

आता 'की'कडे वळू. शाळेच्या व्याकरणात हे स्वरूपबोधक उभयान्वयी अव्यय आहे. पण मराठीत ते या कामाला पहिल्यापासून नव्हतं. जुन्या मराठीत आधीचं आणि पुढचं वाक्य जोडायला 'जे' होता, आणि कुणाचं बोलणं सांगायचं तर सरळ 'म्हणे' होतं. प्रश्न आणि विकल्प दाखवणारा 'की' आपल्याकडे जुना आहे, 'चहा की दूध' यातला. पण 'सांगितलं की' मधल्या 'की'बद्दल बोलताना अनेक अभ्यासक फारसीकडे बोट दाखवतात. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि कचेरीत उर्दू होती. त्यामुळे या भागात त्या 'की'चं येणं-जाणं कुणाला परकं वाटलं नसावं.

पण बोलीत दुसरीच चाल अजून जोरात आहे: 'येतो म्हणून सांगितलं', 'येणार नाही म्हणला'. इथल्या दखनीत तोच आकार 'बोलके'नं होतो: 'नहीं आता बोलके बोला'. नांदेडपलीकडे तेलंगणात तेलुगूचा 'अनि' हेच काम करतो. तीन भाषा, त्यांतली तेलुगू तर वेगळ्याच कुळातली, पण दुसऱ्याचं वाक्य आधी पूर्ण बोलून घ्यायचं आणि मग त्याला 'म्हणून'ची गाठ मारायची, ही रीत तिघींत एक. ज्या नरसीला नामदेवांचं जन्मगाव मानतात ती याच जिल्ह्यात. 'नामा म्हणे' ही त्यांची नाममुद्रासुद्धा बोलणाऱ्याचं नाव सांगून मोकळी होते. तिला ना विशेषण लागतं, ना 'की'.

मराठीची खरी श्रीमंती मात्र आणखी पुढे आहे, आणि तिच्याबद्दल शाळेत जवळजवळ काहीच सांगितलं जात नाही. इंग्रजीचा 'दॅट' सगळ्या विशेषणांमागे एकाच चेहऱ्यानं उभा असतो. मराठी तिथे निवड करायला लावते. 'त्यानं पैसे खाल्ले हे कळलं' आणि 'त्यानं पैसे खाल्ले असं कळलं' ही दोन वाक्यं पोलीस ठाण्यात सांगून बघा. पहिल्यात बोलणारा पैसे खाल्ल्याचं गृहीत धरून चालतो. दुसऱ्यात तो फक्त निरोप्या आहे. आनंदाला 'याचा' लागतो: 'तू आलास याचा आनंद झाला'. 'तू आलास असा आनंद झाला' हे मराठी नव्हे, कारण जे घडलंच नाही त्याचा आनंद होत नाही. उलट आशेला 'अशी' लागते: 'पाऊस पडेल अशी आशा आहे'. खात्री दोन्ही घेते, पण 'तो येईल याची खात्री आहे' म्हणणाऱ्यानं जबाबदारी घेतलेली असते, आणि 'तो येईल अशी खात्री आहे' म्हणणाऱ्यानं मागे सरायला थोडी जागा ठेवलेली असते. भीतीला तर खास 'की काय' आहे. त्यातला प्रश्नच भीतीचं काम करतो. आणि 'तू आलास म्हणून बरं वाटलं' यातला 'म्हणून' कारण दाखवतो. इंग्रजीत 'ग्लॅड'नंतरचा 'दॅट' तेच करत असतो, पण तसं उघडपणे बोलत नाही.

पॉल आणि कॅरल किपार्स्की यांनी 1970 मध्ये 'फॅक्ट' नावाचा निबंध लिहिला आणि इंग्रजीतली कोणती क्रियापदं आणि विशेषणं पुढचं वाक्य खरं धरून चालतात, हा प्रश्न भाषाविज्ञानाच्या चर्चेत आणला. इंग्रजीत हा भेद शोधायला निबंध लागतो, कारण तो विशेषणाच्या पोटात दडलेला असतो. 'सॉरी' आणि 'ग्लॅड' पुढची गोष्ट घडलेली धरतात, 'शुअर' आणि 'लाइकली' धरत नाहीत. मराठीत तोच भेद उघड्यावर आहे, 'हे' आणि 'असं' या दोन साध्या शब्दांत. आठवीतल्या मुलीला तो आपोआप येतो. तिला एवढंच सांगायचं की तुझा 'याचा आनंद' म्हणजे 'ग्लॅड दॅट', आणि तुझी 'अशी आशा' म्हणजे 'होपफुल दॅट'. मग 'दॅट म्हणजे की' हे पाठ करायची गरज उरत नाही.

गंमत अशी की इंग्रजीतली ही विशेषणं मराठीत आली, पण आपलं शेपूट तिकडेच ठेवून. 'सॉरी' आपण म्हणतो, पण एकटंच. 'शुअर आहेस का?' विचारतो, पुढे काहीच जोडत नाही. 'अफ्रेड' तर आलाच नाही, कारण तो जिथे अनेकदा वापरला जातो तिथे भीतीच नसते. दवाखान्यात इंग्रजीतून 'आय ॲम अफ्रेड, डॉक्टर इज नॉट इन' म्हणणारी बाई घाबरलेली नाही, ती नकार गोड करते आहे. आपल्याकडे ते काम 'डॉक्टर नाहीत हो' यातला 'हो' करतो. कॉलेजातली पोरं आता 'मी शुअर आहे की' म्हणू लागली आहेत, म्हणजे शेपूटही येऊ लागलं आहे.

त्याची मला फार चिंता नाही. चिंता आहे ती छापील मराठीची. 'हे स्पष्ट आहे की', 'हे उल्लेखनीय आहे की', 'आपणांस कळविण्यास आनंद होतो की' ही वाक्यं अग्रलेखांत, शासकीय पत्रांत आणि निमंत्रणांत इतकी रुळली आहेत की त्यांवरची इंग्रजी पत्रव्यवहाराची छाप कुणाला दिसत नाही. दोष त्यांच्या परकेपणाचा नाही. 'इट इज क्लिअर दॅट' या रचनेत ज्याला स्पष्ट झालं तो माणूसच वाक्यातून गायब होतो. कुणाला स्पष्ट आहे? लेखकाला? वाचकाला? त्या आडोशाला बसून अग्रलेखवाला बिनपुराव्याचं विधान खपवतो. मराठीच्या मूळ क्रमात हे अवघड जातं, कारण विधान आधी पुढे ठेवावं लागतं आणि वाचकानं ते पाहिल्यावर मगच 'हे उघड आहे' म्हणता येतं. तोवर वाचक स्वतः ठरवून बसलेला असतो.

आणि जिथे नक्की माहीत नाही, तिथे मराठीला विशेषणही लागत नाही. 'रात्री पाऊस पडला असावा' म्हणताना रानातली ओल बघून काढलेला तर्क त्या 'असावा'त पुरा उतरतो. 'ही शक्यता आहे की रात्री पाऊस पडला' हे त्याचं लांबलचक आणि दुबळं रूप.

तर्क आणि खात्री यांतला हा भेद उद्या हिंगोलीतच कामाला येणार आहे. याच जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल 2023 मध्ये तिला सुमारे 2,600 कोटी रुपयांची मंजुरी दिली. या शास्त्राचं रोजचं बोलणं 'लाइकली' या विशेषणावर उभं आहे. अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांतून नवा संकेत जाहीर होतो तेव्हा तो दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणाचा असण्याची शक्यता किती, न्यूट्रॉन ताऱ्यांचा असण्याची किती, आणि पृथ्वीवरचाच गोंगाट असण्याची किती, हे आकड्यांत सांगतात. पहिला संकेत 14 सप्टेंबर 2015 रोजी मिळाला, पण जगाला 11 फेब्रुवारी 2016 रोजी सांगितला. मधले जवळपास पाच महिने 'असं'चं 'हे' करण्यात गेले. त्याआधी, मार्च 2014 मध्ये, दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-2 या प्रयोगानं विश्वारंभीच्या गुरुत्वीय लहरींची खूण सापडल्याचं जाहीर केलं होतं. पुढच्या वर्षीच्या संयुक्त विश्लेषणात तो संकेत आकाशगंगेतल्या धुळीनं समजावता येतो, असं निघालं.

औंढ्याहून पहिला संकेत येईल तेव्हा मराठी वार्ताहर बातमी लिहायला बसतील. इंग्रजी पत्रकातल्या 'इट इज लाइकली दॅट'चं 'हे स्पष्ट आहे की' होऊ देऊ नका. 'टक्कर झाली असावी' म्हणायचं की 'टक्कर झाली हे सिद्ध झालं', हे वेधशाळेला विचारून घ्या आणि मगच छापा.